थर्मोस्टॅट हाउसिंगचा तुटलेला एम६ बोल्ट : कामाच्या नोंदी

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

गेले दोन महिने गाडीच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी हळूहळू खाली जात होती. जमिनीवर डाग नाही, धुरात पांढरेपणा नाही, ऑइलही साफ. शेवटी टॉर्च घेऊन नीट बघितलं तर थर्मोस्टॅट हाउसिंगच्या (कूलंटची वाट उघडबंद करणाऱ्या थर्मोस्टॅटवरच्या झाकणाच्या) खालच्या कडेला गुलाबीसर पांढरा पापुद्रा धरलेला, म्हणजे तिथून थेंब थेंब झिरपून गरम इंजिनवरच वाळत होतं. ठरवलं की थर्मोस्टॅट, ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) दोन्ही बदलायचं, तीनच तर बोल्ट आहेत.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं होतं, कारण गरम असताना सिस्टिममध्ये प्रेशर असतं आणि झाकण उघडलं की उकळतं कूलंट अंगावर येतं. सगळं कूलंट झाकणवाल्या कॅनमध्ये काढलं. ते उघडं ठेवू नका, त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं त्यामुळे कुत्री मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.

तीन बोल्ट, एम६ (म्हणजे ६ मिमी जाडीचे), डोक्याला १० चा सॉकेट. पहिला आरामात आला. दुसरा करकर करत आला पण आला. तिसरा खालच्या बाजूचा, जिथे गळती होती तिथलाच. रॅचेटला जोर लावला, एक बारीक किट् असा आवाज झाला, पाव फेरा फिरला, मला वाटलं सुटला. मग हाताला रबर पिळल्यासारखं लागायला लागलं. पाना पुढे जातोय पण बोल्ट जागचा हलत नाहीये, आणि हात सोडला की पाना किंचित मागे येतोय. हीच ती खूण होती आणि मी तिथे थांबायला हवं होतं, उलट आवळून परत मागे पुढे करायला हवं होतं. मी अजून थोडा जोर दिला. आवाजसुद्धा झाला नाही, एकदम सगळा ताण गेला आणि डोकं सॉकेटमध्ये अडकून हातात आलं.

तुटलेला भाग उजेडात धरून बघितला. बाहेरच्या बाजूने काळपट तांबूस गंजाचं कडं आणि मधे करडा चमकता ताजा तुकडा, तोही गोल नाही, लांबट. कॅलिपर लावला तर जेमतेम ४ मिमी. एम६ ला आट्यांच्या तळाशी साधारण ४.८ मिमी लोखंड असतं. पिळ सोसायची ताकद व्यासाच्या घनात कमी होते, त्यामुळे ४.८ चे ४ झाले तर ताकद ५८ टक्क्यांवर येते. म्हणजे बोल्ट आतून अर्धा मेलेलाच होता आणि मी त्याला धडधाकट समजून पिळत होतो.

हाउसिंग हलवून हलवून काढलं. हेडच्या (इंजिनच्या ज्या भागात हे बोल्ट बसतात त्याच्या) बाहेर तुकडा उरलाय ६ मिमी. आज आता हात लावायचा नाही. पोर्टमध्ये, म्हणजे कूलंटच्या उघड्या तोंडात, स्वच्छ फडका कोंबून ठेवला.

रविवार, ९ फेब्रुवारी

बसून विचार केला की हा एवढा जाम झाला का. बोल्ट स्टीलचा, हेड अॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मधे झिरपलेलं कूलंट, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात झिजतं अॅल्युमिनियम, आणि त्याचा जो पांढरा ऑक्साइड बनतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली सगळी फट तो ठासून भरतो. नुसता गंज असता तर तेलाने सुटला असता, हे जवळपास सिमेंटसारखं असतं.

पेनिट्रेटिंग ऑइल मारलं, पितळी दांड्याने तुकड्याच्या टोकावर हलके ठोके दिले, वीस पंचवीस. जोरात नाही, ठोक्याने त्या ऑक्साइडला केसभर तडा गेला तरी तेलाला वाट मिळते.

अर्ध्या तासाने तेल पुसून हीट गन घेतली. हिशोब असा की अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन, स्टील १२. हेडचा तो भाग १५० अंशांनी तापवला तर ६ मिमीच्या भोकात फरक पडतो सुमारे ०.०१ मिमी. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण पुन्हा पुन्हा तापवून थंड केलं की तोच फरक पापुद्रा मोडतो, आणि गार होताना तेल आत ओढलं जातं.

गॅसचा टॉर्च मुद्दाम नाही वापरला. अॅल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही, काही सांगत नाही, एकदम ढासळतं. आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, ते मारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग नेलं तर फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, तो फुप्फुसं जाळतो. मी तो डबा कामाच्या जागेवरूनच बाजूला ठेवलाय.

१० ते १४ फेब्रुवारी

रोज सकाळ संध्याकाळ तेल, दहा ठोके, संध्याकाळी एकदा हीट गन. बाकी काही नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज चूक झाली, सविस्तर लिहितो.

पाच दिवस तेल पाजलंय, ६ मिमी बाहेर आहे, मग ग्रिप प्लायर लावून फिरवू असं डोक्यात बसलं. पकड घट्ट केली, आधी आवळायच्या दिशेला थोडं, मग उलट, मग परत आवळायच्या दिशेला. चौथ्या पाचव्या वेळी खरंच हलला, बहुतेक दहा अंश. इतका आनंद झाला की पुढच्या वेळी मी मागे पुढे न करता सरळ सोडायच्याच दिशेला ओढत राहिलो. प्लायरचे दात घसरले, तुकड्याच्या दोन बाजू खरवडून चपट्या झाल्या, परत पकडलं, परत ओढलं, आणि तो हेडच्या तोंडाच्या खाली दीड मिमीवर तुटला.

आता बाहेर काहीच नाही. फक्त एक भोक आणि त्याच्या तळाशी तिरकी तुटलेली करडी चकती.

काकांना फोन केला. आयुष्य लेथवर गेलंय त्यांचं. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आधी बाहेर किती होता?"

म्हटलं, "सहा मिमी."

"मग तेव्हाच फोन करायचास ना रे. सहा मिमीवर नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं असतं, गार होताना तोच सुटला असता."

बरोबर आहे त्यांचं. वेल्डिंगमध्ये दोन कामं एकदम होतात, पाना लावायला नवीन डोकं मिळतं आणि बोल्ट आतून लाल होऊन त्याच्याभोवतीचा ऑक्साइड फुटतो. आणि वेल्ड स्टीलला धरतं, अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटायची भीती कमी. बाहेर उरलेला तो ६ मिमीचा तुकडा हीच माझ्याकडची खरी शिल्लक होती आणि मी ती प्लायरच्या दातांत घालवली. ज्यांचा बोल्ट आज तुटलाय आणि थोडा बाहेर आहे त्यांनी प्लायरच्या आधी वेल्डिंगचा विचार करा, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

आता दीड मिमी खाली भोकाच्या तळाला वेल्डने धातू भरत आणायचा म्हणजे फार सरावाचा हात लागतो. काका म्हणाले ड्रिलच कर, पण मध्य सापडल्याशिवाय ड्रिलला हात लावू नको.

रविवार, १६ फेब्रुवारी

सेंटर पंच ठेवून ठोकला. चकती तिरकी असल्यामुळे पंच उताराकडे घसरला आणि खूण मध्यापासून अर्धा पाऊण मिमी बाजूला पडली. दुरुस्त करायचा प्रयत्न केला, परत तिथेच घसरला. ३ मिमी बिटने किंचित सुरुवात करून बघितली तर बिटही त्याच खळग्यात जाऊन बसतंय. मिलिमीटरभर गेल्यावर थांबलो. असंच पुढे गेलो असतो तर मोठं बिट घालताना एका बाजूने हेडचं अॅल्युमिनियम खाल्लं असतं, स्टीलच्या शेजारी मऊ धातू असला की बिट तिकडेच पळतं.

आज थांबलो याचं समाधान आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काका स्वतः आले. भोकात डोकावले, नखाने कडा चाचपली, मग जुनं हाउसिंग हातात घेऊन फिरवून फिरवून बघत बसले. म्हणाले, "मध्य तुझ्याकडे आहेच की. हेच लाव परत."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. हाउसिंगला तीन भोकं आहेत, त्यातले दोन बोल्ट व्यवस्थित लागतात. त्या दोन बोल्टवर हाउसिंग परत बसवलं की तिसरं भोक आपोआप तुटक्या बोल्टच्या बरोबर वर येतं, आणि ते भोक चांगलं लांब आहे. भोक मोजलं, ६.६ मिमी. काका म्हणाले ६.६ बाहेरून आणि ३ आतून असा एक बुश, म्हणजे पोकळ नळीसारखा तुकडा, लेथवर फिरवून देतो, वर कॉलर ठेवतो म्हणजे आत पडणार नाही, खालचं टोक हेडच्या तोंडाला टेकेल इतका लांब. म्हणजे बिट बुशमधून बाहेर पडल्यावर दीडच मिमी मोकळं राहील, त्याला पळायला जागाच नाही. भोक गंजून खडबडीत झालं होतं ते मी गोल कानशीने अलगद साफ केलं, मग परत मोजलं, ६.६ च.

इतकी साधी गोष्ट. मध्य डोळ्याने शोधत बसलो होतो आणि तो बाजूला टेबलावर पडला होता.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बुश आला. दोन बोटांत धरून भोकात सोडला तर हवा बाहेर दाबत हळूच खाली गेला, डगमग नाही. लेथवर काम करणाऱ्या हाताची किंमत अशा वेळी कळते.

डाव्या हाताची बिटं मागवली होती, म्हणजे उलट फिरून कापणारी, कोबाल्टवाली. फायदा असा की ड्रिल करताना जोर सोडायच्या दिशेलाच लागतो, कधी कधी मधेच तुकडा बिटला पकडून आपणच बाहेर येतो. ड्रिल रिव्हर्सवर, स्पीड एकदम कमी, कटिंग ऑइलचा थेंब, डोळ्याला चष्मा. घाईने फिरवलं की स्टील गरम होऊन बिटची धार जाते, मग ते नुसतं घासत बसतं.

पहिल्या पाच मिनिटांत काहीच होत नाहीये असं वाटलं. मग बुशच्या तोंडातून चकाकणारा बारीक कीस वर यायला लागला, करडा, कुरळा. पांढरा मऊ कीस आला असता तर अॅल्युमिनियम लागलं असं समजायचं. पाच मिमी खोल गेल्यावर हाउसिंग काढून बघितलं आणि भोक डोळ्याला तरी अगदी मधोमध, माझा जुना वाकडा खळगा त्याच्या एका कडेला अर्धा दिसतोय. पुढे बुशची गरज नाही, पडलेलं भोकच बिटला वाट दाखवतं. आरपार गेलो, मग ४ मिमी. ४ च्या बिटने दोनदा तुकडा पकडला, ड्रिलला झटका बसला, पण बोल्ट फिरला नाही.

इथे इझी आउट (तुटक्या बोल्टच्या भोकात उलटा फिरवून घालायचा, त्याला पकडून बाहेर काढणारा निमुळता स्क्रू) वापरायचा मोह झाला, डब्यात पडलेला होता. नाही वापरला, आणि याबद्दल माझं मत पक्कं आहे. एम६ मध्ये जाणारा इझी आउट काडीसारखा बारीक असतो आणि फार कडक, कडक म्हणजे ठिसूळ. त्यात तो निमुळता, आत जाताना पोकळ झालेल्या बोल्टच्या भिंती बाहेर ढकलून आट्यांत अजून ठासतो. जो बोल्ट ४ मिमीच्या बिटने पकडूनही हलला नाही तो या काडीने हलणार कसा? आणि तो आत तुटला की साध्या बिटने त्याच्यावर ओरखडाही उठत नाही, मग कार्बाइडचं बिट किंवा स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणगीने धातू झिजवणाऱ्याकडे) हेड काढून न्यायचं. मोकळ्या, न गंजलेल्या, नुसत्या डोकं उडालेल्या बोल्टला तो ठीक आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

५ मिमीचं बिट. एम६ ला टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्याराच्या) आधीचं भोक ५ चंच असतं, म्हणजे मध्य बरोबर असेल तर या बिटने बोल्टचं अंग सगळं जातं आणि फक्त त्याचे आटे हेडच्या आट्यांत स्प्रिंगसारखे उरतात. तसंच झालं. टोकदार स्क्रायबरने वरचं टोक उचकटलं, बारीक नोज प्लायरने धरलं आणि हळूहळू फिरवत ओढलं. साडेतीन वेढ्यांचं गंजकं स्टीलचं वेटोळं हातात आलं. उरलेलं तुकड्या तुकड्याने निघालं. हे लिहितानाही बरं वाटतंय.

मग एम६ चा टॅप हाताने घातला, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे, ग्रीस लावून म्हणजे कीस चिकटून येतो. पण ग्रीसमध्ये पांढरी पूड आणि अॅल्युमिनियमच्या चकत्या आल्या. ही चांगली खूण नाही. नवीन बोल्ट लावून बघितला तर डुगडुगतोय, टॉर्क रेंच लावला तर ७ न्यूटन मीटरच्या पुढे जाईना, नुसता फिरत राहिला. हेडचे आटे मी नाही घालवले, ते बोल्ट तुटायच्या कितीतरी आधी त्या ऑक्साइडने खाल्ले होते. हेलिकॉइल टाकावंच लागणार.

शनिवार, १ मार्च

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेसच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं, बाहेरून मोठ्या आट्यांत बसतं आणि आतून परत एम६ देतं. किटमध्ये त्याचा ६.३ मिमीचा बिट आणि खास टॅप येतो, साधा एम७ चा टॅप चालत नाही. इथे परत हाउसिंग कामाला आलं, ६.६ च्या भोकातून ६.३ चं बिट जवळपास नेमकं जातं, वेगळा बुश लागला नाही. भोकाची खोली आधी मोजून घेतली, १७ मिमी, तळ बंद. बिटला तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळली. खालून वॉटर जॅकेट (कूलंट फिरायची पोकळी) जात असतं, भोक अजून खोल करायचं नाही.

टॅप मात्र हाउसिंगच्या ६.६ च्या भोकात मावत नाही, म्हणून हाउसिंग काढून तो काटकोनात राहील याची काळजी घेत हातानेच घातला. मग व्हॅक्यूमने कीस ओढून घेतला, कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसलं. ९ मिमी लांबीचं वेटोळं टूलवर चढवून फिरवत आत नेलं, तोंडापासून अर्धा आटा खाली थांबवलं. तळाला जी आडवी जीभ असते ती पंचने टक् करून तोडली आणि चिमट्याने बाहेर काढली. ती आत राहिली तर बोल्ट तिच्यावर टेकतो आणि हाउसिंग आवळलं गेल्यासारखं वाटतं पण गेलेलं नसतं.

बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला.

रविवार, २ मार्च

जोडणी. हेडचं तोंड प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ केलं, लोखंडी पट्टीने नाही, एक ओरखडा पडला तरी तिथून परत झिरपतं. हाउसिंग पण नवीनच घेतलं, जुन्याच्या खालच्या कडेला खड्डे पडले होते. नवीन थर्मोस्टॅट आधी गरम पाण्यात थर्मामीटर ठेवून तपासला, त्याच्यावर ८२ लिहिलंय आणि तो ८२ ८३ ला उघडायला लागला. त्याची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवायची, हवा तिथून निघते.

तिन्ही बोल्ट नवे, ८.८ ग्रेडचे. जे दोन नीट आले होते तेही टाकून दिले, एकाची मान बारीक व्हायला लागलीच होती. आट्यांना आणि मधल्या दांड्यालाही अँटी सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावलं, कारण यावेळी गंज दांड्यालाच धरला होता. या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये १० न्यूटन मीटर दिलंय पण ते कोरड्या आट्यांसाठी, पेस्ट लावली की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मी ८ वर थांबलो. आधी तिन्ही ४ वर, मग ८ वर, आळीपाळीने. हेलिकॉइलवाला बोल्ट ८ ला क्लिक झाला तेव्हा हाताला एकदम ठाम लागला, रबरासारखं काही नाही.

कूलंट भरलं, हीटर फुलवर ठेवून हवा काढली, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. हाउसिंग कोरडं.

शनिवार, १५ मार्च

दोन आठवडे गाडी रोज चालवली. थंड इंजिनवर पातळी जिथे मार्करने रेघ मारली होती तिथेच आहे. हाउसिंगच्या खाली पांढरा टिश्यू फिरवला, काही लागलं नाही. बोल्टच्या डोक्यांवर मारलेल्या रंगाच्या रेघाही जागच्या हललेल्या नाहीत.

काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "बुश ठेवलायस ना?" ठेवलाय, किटच्याच डब्यात, चिठ्ठीवर ६.६ बाय ३ लिहून.

वॉटर पंपाचे पाच बोल्ट याच वयाचे आहेत आणि तेही अॅल्युमिनियममध्येच. पंप अजून ठीक आहे, पण बेल्ट बदलायच्या वेळी तो निघणारच. आज पाचही बोल्टवर पहिला तेलाचा थेंब टाकला, दर रविवारी टाकणार. आणि ज्या मित्राकडे वेल्डिंग मशीन आहे त्याला तारीख आधीच विचारून ठेवलीय.